आठवड्याची गोळी आणि जवानाची झोप

संपादक महोदय,

काँगो, दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत जाणाऱ्या जवानाला हिवतापावरची प्रतिबंधक गोळी हवीच; तिथला फाल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार काही दिवसांत जीव घेऊ शकतो. प्रश्न आहे तो मेफ्लोक्विन या गोळीचा.

अमेरिकी लष्कराच्याच वॉल्टर रीड संस्थेत शोधलेली ही २५० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रांग लावायची, समोर गिळायला लावायची, वहीत खूण करायची. लष्कराला याहून सोयीचे काय! पण ती आठवडाभर पुरते, कारण रक्तातले तिचे प्रमाण निम्मे व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. त्रास सुरू झाल्यावर बंद केली तरी औषध बराच काळ अंगात राहते.

त्रासाची सुरुवात साधी वाटते. झोप उडते, भयंकर स्वप्ने पडतात, उगीच धास्ती वाटते, चक्कर येते, कानात आवाज येतो. गोळीबाराच्या छायेत राहणाऱ्याच्या बाबतीत हे सगळे ‘ताणामुळे’ म्हणून सोडून दिले जाते आणि पुढच्या आठवड्याची गोळी दिली जाते. घात होतो तो इथेच. पुढे भास, संशय, आत्महत्येचे विचार इथपर्यंत मजल जाऊ शकते. चक्कर आणि कानातला आवाज कायमचा राहू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१३ मध्ये दिला. ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीनेही २०१६ मध्ये ही गोळी अगदी शेवटचा पर्याय ठरवली.

आपल्या राष्ट्रीय हिवताप औषध धोरणात सहा आठवड्यांपेक्षा लांब मुक्कामासाठी मेफ्लोक्विन सांगितली आहे, मात्र आधी तपासणी करूनच. नैराश्य, मनोविकार किंवा फिट्सचा इतिहास असेल तर ती देऊच नये. ही चौकशी एकेकाला समोर बसवून, खासगीत व्हायला हवी. रांगेत कुणी नैराश्य कबूल करत नाही, बढती अडण्याची भीती असते. जवान निघण्याच्या तीन आठवडे आधी गोळी सुरू करावी, म्हणजे त्रास इथेच कळेल. पहिल्या वाईट स्वप्नालाच डॉक्टरांनी ती थांबवून दुसरी द्यावी. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, पेलाभर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवे न होता. तिच्यामुळे उन्हाने कातडी लवकर भाजते, ते सांभाळावे. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते.

मेफ्लोक्विन मात्र परतल्यावरही चार आठवडे चालू असते. त्या काळात रात्री दचकून उठणारा माणूस घरच्यांना दिसतो. या लक्षणांचा मराठीत छापलेला कागद त्यांच्याही हाती द्यावा.

– औषधशास्त्राचे काही अध्यापक, पुणे