तिची बाराखडी कुठवर आली?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "छकुलीची बाराखडी कुठवर आली?" तेव्हा ती मांडीवर चुळबुळत होती, धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाराखडी अजून सुरू केलेली नाही, आणि ती मुद्दामच. पावणेतीन वर्षांच्या पोरीला तक्ता पाठ होतोही, पण तक्ता म्हणता येणं आणि वाचता येणं यांत फार अंतर आहे. सध्या आमचा सगळा भर कानावर आहे. जेवताना, अंघोळीला, जिना उतरताना आम्ही आवाजांचे खेळ खेळतो. "म नं सुरू होणारं काय दिसतंय?" असं मी विचारते. ती मांजर म्हणते, कधी मधेच पंखा म्हणते. मग मी नुसतं "मांजर... पंखा..." असं सावकाश म्हणते आणि ती स्वतःच मान हलवते. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवतो : पा-ऊस, दोन टाळ्या, आग-गा-डी, तीन. शब्द तुटतो आणि पुन्हा जुळतो हे आधी कानाला कळलं, की पुढे डोळ्यांना अक्षरं जुळवणं सोपं जातं. मराठीची एक मोठी सोय आहे. आपल्याकडे अक्षराचं नाव आणि उच्चार बहुतेक एकच. इंग्रजीत 'एच' हे नाव वेगळं आणि त्याचा आवाज 'ह', तसा घोळ इथे नाही.

अक्षरओळख तिच्या नावातल्या अक्षरांपासून केली. रात्री गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरवते. परवा अस्वल झोपतं त्या पानावर तिनं माझं बोट बाजूला सारलं, एका अक्षरावर आपलं बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे माझं!" मग पुढच्या प्रत्येक पानावर शोधाशोध. गोष्ट राहिली बाजूलाच. तेच पुस्तक ती दुपारी एकटी "वाचते". वाक्यं पाठ आहेत, बोट कुठल्या कुठे जातं, पण डावीकडून उजवीकडेच जातं आणि ओळ संपली की खाली उतरतं. आई, तू म्हणशील हे काही खरं वाचन नव्हे. पण मला ती वाचनाचीच पायरी वाटते. मी एखादं वाक्य गाळलं तर लगेच अडवते, इतकं तिचं लक्ष त्या छापील ओळीत असतं.

बाराखडीची घाई का नाही, तेही सांगते. 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात मागून येते. 'र' तर सूर्य, चक्र, ट्रक आणि दुसऱ्या या चार शब्दांत चार रूपं घेतो. शिवाय क-म-ळ असं सुटं वाचलं तरी बोलताना शेवटचा 'ळ' अर्धवट उच्चारायचा असतो. आपल्याला हे जाणवतसुद्धा नाही, नव्या वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी थबकावं लागतं. म्हणून आधी थोडीच अक्षरं आणि एक काना, इतक्यावरच थांबणार आहे : मामा, काका, नाक, कान. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एका वेळी दाखवत नाही, कारण दिसायला सारख्या असल्यानं त्यांची सरमिसळ फार होते.

पेन्सिलही अजून हातात दिलेली नाही. बोटांत तेवढी ताकद यायला वेळ लागतो. तोवर कणीक मळणं, मणी ओवणं आणि रव्याच्या ताटात बोटानं अक्षर काढणं चालू आहे. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडलं, तिथे खरखरीत कागदाची अक्षरं मुलांना बोटानं चाचपायला द्यायच्या. वळण हाताला आधी कळावं, हीच कल्पना.

आई, शेजारचा मुलगा तिसऱ्या वर्षी वर्तमानपत्र वाचायचा हे तू दोनदा सांगितलंस. काही मुलं वाचतात लवकर, त्यांचं कौतुकच आहे. पण फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते, आणि शाळकरी मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली वाचनात तोच देश पहिला होता. तिथली मुलं त्याआधी रिकामी बसत नाहीत, घरी त्यांना भरपूर वाचून दाखवलं जातं. उशिरा सुरुवात केली म्हणून पोर मागे पडत नाही, एवढीच खात्री मला त्यातून मिळाली.

आता तुमच्याकडे मागणं आहे. व्हिडिओ कॉलवर "हे काय लिहिलंय? हा कोणता?" असं तिला विचारू नका. प्रश्न सुरू झाले की ती तोंड फिरवते आणि मग पुस्तकच नको म्हणते. अक्षराची भीती बसली तर ती घालवायला फार कष्ट पडतात. त्यापेक्षा तुम्हीच तिला वाचून दाखवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून लांब ठेवा असं सांगितलं, तेव्हाही व्हिडिओ कॉलला सूट दिली होती, कारण पलीकडे जिवंत माणूस असतं आणि तिच्या बोलण्याला उत्तर देतं. तिच्या अस्वलाच्या पुस्तकाची दुसरी प्रत तुमच्याकडे पाठवते आहे. आई, तू पान कॅमेऱ्यासमोर धर, ती तिच्या प्रतीत तेच पान काढेल. घाई करू नकोस, मध्येच तिला काही सांगावंसं वाटलं तर सांगू दे. तिच्या "आणि मग?"ची वाट बघ. बाबा, वर्णमाला तुम्ही तालात म्हणता तशी म्हणून दाखवा. क कंठातून निघून प ओठांवर येईपर्यंत तोंडात आवाज कसा पुढे सरकतो, ते तुमच्याइतकं छान मला सांगता येत नाही. तिला ती गंमत कळेल.

आणि तिला पत्र लिहा. दोनच ओळी, टपोऱ्या अक्षरात, वर तिचं नाव. ल आणि श मात्र मराठी वळणाचेच काढा. छापील पुस्तकांत आणि मोबाइलवर कधी हिंदी वळणाचे येतात आणि ती गोंधळते. मी पत्र उघडून देणार नाही, तिचं तिलाच उघडू देईन.

तुमची,
लेक