मोबाइलवर शिकलेल्या नर्सिंगच्या पोरींचं काय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कोविडमध्ये ऑनलाइन शिकलेल्या मेडिकल-नर्सिंगच्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर अजूनही कार्यक्रम होतात. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, पॉझिटिव्ह राहा, योगा करा, चहा-बिस्कीट, झालं. मी बीड जिल्ह्यात नर्सिंगच्या पोरींना शिकवते, तो सगळा काळ मीही मोबाइलसमोर बसून शिकवलंय, म्हणून लिहावं वाटलं.

मार्च 2020 मध्ये हॉस्टेल रिकामं झालं अन् पोरी गावाकडं गेल्या. घर दोन खोल्यांचं, फोन एक, तोही बारावीतल्या भावाबरोबर वाटून घ्यायचा. त्यात आमचा विषय मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण. प्रसूतीचा व्हिडिओ लावायचा तर समोर आजोबा चहा पितायत, दारात चुलता उभा. कुणी आवाज बंद करून बघायची, कुणी गोठ्यात जाऊन, एकीनं तर सरळ मेसेज टाकला, मॅडम हजेरी लावा पण मला बघता नाही येणार. आता हिला काय रागवायचं? वरून पोरगी घरी आहे म्हणजे मोकळीच आहे असा घरच्यांचा समज, मग चल कापूस वेचायला, भाकरी टाक, नाहीतर पाहुणे बघायला येतायत साडी नेस. काहींची लग्नं त्यातच उरकली, त्यातल्या सगळ्या काही परत आल्या नाहीत.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी धास्ती होती हाताला काही येत नाही याची. बीपी घेताना कफची हवा हळूहळू सोडायची, पहिला ठोका कुठं ऐकू आला अन् आवाज कुठं बंद झाला हे स्वतःच्या कानानं पकडायचं असतं, ते स्क्रीनवर कसं येणार, मी इकडं घसा फोडून सांगतेय अन् तिकडं रेंज गेलेली.

अन् मग 3 मे 2021 ला केंद्राचा निर्णय आला, बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या नर्सना सीनियरच्या हाताखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी. गरजच तशी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण नुकत्या पास झालेल्या पोरी रात्री फोन करून रडायच्या, शीर सापडत नाही मॅडम, हात थरथरतो, सिस्टर सगळ्यांसमोर बोलतात. अशा पोरीला दीर्घ श्वास घे म्हणून काय उपयोग हो? तिच्या शेजारी उभं राहून तिच्याकडून सलाईन लावून घ्या, निम्मं टेन्शन तिथंच जातं. त्या बॅचच्या मुली आता नोकरीत आहेत, त्यांना सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये येऊन हात बसवू द्या, एवढं तरी करता येईल.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सनं 2024 मध्ये अहवाल दिला, त्यांच्या ऑनलाइन सर्व्हेत एमबीबीएसच्या 27.8 टक्के मुलांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं. चांगलं झालं विचारलं ते, पण त्यात आमच्या नर्सिंगच्या पोरी नाहीत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, पण घरात सगळ्यांत मिळून एकच फोन असला तर बोलायचं कुठं बसून?

अजून एक. कॉलेजात समुपदेशक म्हणून आमच्यातल्याच कुणाचं तरी नाव बोर्डावर लावून देतात. इंटर्नलचे मार्क ज्या मॅडमच्या हातात, त्यांच्याजवळ कोणती पोरगी मन मोकळं करणार? बाहेरचा माणूस नेमा, आठवड्यातून एकदा का येईना.

— एक नर्सिंग शिक्षिका, जि. बीड