लाली आली कुठून?

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

कार्सिनॉइड (संप्रेरकांसारखी द्रव्यं सोडणारी गाठ) म्हणजे सेरोटोनिन, आणि सेरोटोनिन म्हणजे चेहरा लाल, असं तू फोनवर एका दमात म्हणून टाकलंस. मार्क मिळतीलही, पण ते अर्धवट आहे. सेरोटोनिनच्या माथी मुख्यतः जुलाब येतात. लालीमागे ब्रॅडिकायनिन, टॅकिकायनिन, कधी हिस्टामिन ही वाहिन्या रुंदावणारी द्रव्यं असतात. गाठीतून कॅलिक्रीन हे एन्झाइम सुटतं, ते रक्तातल्या कायनिनोजेनपासून ब्रॅडिकायनिन तयार करतं. त्याने रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो, भोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग काही मिनिटं लालबुंद होतो; घाम मात्र सहसा नसतो. पेशंटला हे आवर्जून विचारत जा, कारण रजोनिवृत्तीतली लाली बहुधा घामाघूम करते.

आता खरी गंमत. आतड्यातली गाठ ही द्रव्यं सोडत असूनही वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथेच त्यांचा निकाल लागतो. गाठ यकृतात पसरली की ही द्रव्यं थेट मुख्य रक्ताभिसरणात उतरतात. म्हणजे लाली दिसली की आधी यकृताचा विचार करायचा. फुप्फुसातल्या किंवा अंडाशयातल्या गाठीचं रक्त मात्र आधी यकृतात जात नाही, म्हणून ती न पसरताही लाली आणू शकते. गाठ किती मोठी यापेक्षा तिचं रक्त कुठे जातं, हे आधी बघ.

लालीच्या संदर्भात स्वादुपिंडातली व्हीआयपोमा ही गाठही लक्षात ठेव. व्हर्नर आणि मॉरिसन या डॉक्टरांनी 1958 साली तिचं चित्र मांडलं: पाण्यासारखे जुलाब, पोटॅशियम खाली. त्यामागचं व्हीआयपी (व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड) हे पेप्टाइड सईद आणि मुट यांनी 1970 मध्ये वेगळं केलं, तेही त्याच्या वाहिन्या रुंदावण्याच्या गुणाचा माग काढत. फिओक्रोमोसायटोमात, म्हणजे ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत, सगळं उलटं: वाहिन्या आकसतात, चेहरा पांढराफटक पडतो, बीपी चढतं.

ऑपरेशन टेबलवर कार्सिनॉइडच्या पेशंटचं बीपी कोसळलं, तर सवयीने ॲड्रिनलिनकडे हात जातो. सांभाळ. त्याने गाठ आणखी द्रव्यं ओतू शकते आणि बीपी अजून घसरू शकतं. तिथे ऑक्ट्रिओटाइड हे औषध हाताशी हवं, कारण ते गाठीचं स्रवणंच दाबतं.

चोवीस तासांच्या लघवीतल्या 5-एचआयएएबद्दल (सेरोटोनिन मोडून बनणारं द्रव्य) विचारलं होतंस. तपासणीआधी केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांग, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

तुझी,
आई