आधी पोरींचे नाच घ्या, सत्कार मागून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात होणाऱ्या स्नेहसंमेलनाची बातमी काल वाचली. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती सगळे पदांसकट छापले आहेत. लोकनृत्य कोणत्या दिवशी, एकांकिका किती वाजता, हे मात्र कुठेच नाही. आम्हा खेड्यातल्या आईबापांना नेमकं तेच हवं असतं. आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेसहाला सुटते.

मागच्या वर्षी माझी मुलगी अकरावीत होती. सहाजणींनी महिनाभर रेला हा गोंडी नाच बसवला. तिकडे नेसवून देणारं कोणी नाही म्हणून सकाळी सातच्या गाडीनं ती आजीचं हिरवं लुगडं नेसूनच गेली. कार्यक्रम अकराचा, पाहुणे आले दीडला. मग सत्कार, मग भाषणं. साडेपाच झाले तरी पोरींचा नंबर नाही. सरांना विचारलं तर 'थांबा' म्हणाले. शेवटी ही आणि तिची मैत्रीण गाडीसाठी निघाल्या. रेला हातात हात गुंफून नाचतात. सहाजणींचा फेर उरलेल्या चौघींनी धरला, आणि तो माझ्या मुलीनं रात्री मोबाईलवर पाहिला. त्या दिवशी ती जेवली नाही. लुगड्याच्या काठाला लागलेली बसस्थानकावरची धूळ आजी दुसऱ्या दिवशी धूत बसली होती.

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होतं आणि पहाटे संपतं. लांबून आलेला माणूस उजेडात घरी जातो. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा याच महाविद्यालयानं अभिनंदनाचा फलक लावला होता. त्यांच्या रंगभूमीची ही एवढी रीत तरी घ्यावी. कार्यक्रम रात्री आठला संपला तर गाडी गेलेली असते आणि सकाळ फार लांब असते. मुलांना कुणाची तरी मोटारसायकल मिळते, मुलींनी काय करावं? बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळी सहानंतर तो दाखवायचा कुणाला? यात्रेला जादा गाड्या सुटतात, तशी या तीन दिवसांत एक गाडी आगारानं सोडावी.

प्राचार्यांना हात जोडून विनंती आहे, बाहेरगावच्या मुलींचे कार्यक्रम दुपारी तीनच्या आत घ्या. पाहुणे यायचे असोत वा नसोत, पडदा वेळेवर उघडा.

आणि संपादक साहेब, संमेलन सोमवारपासून आहे. त्याआधी कार्यक्रमांच्या वेळा छापा.

आपला,
एक पालक, जि. गडचिरोली