माल आपला, बोलणारा दुसराच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात द्राक्षाच्या भावावर बरीच पत्रं आली, सगळी वाचली. खर्च वाढला, मजूर मिळत नाहीत, पाऊस नको तेव्हा येतो, सगळं खरं आहे, वादच नाही. पण एका गोष्टीवर कुणी लिहिलं नाही म्हणून हे पत्र. आपला माल युरोपात जातो पण त्या मालाबद्दल तिथं उभं राहून बोलणारा आपल्यातला नसतो. बोलतो तो मधला माणूस, आणि मग भाव पण त्याच्याच हातात राहतो, आपल्याला हिशोबपट्टी येते तेव्हा कळतं काय सुटलं ते.

दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका नावाचं प्रदर्शन भरतं, जगभरचे फळांचे खरेदीदार तिथं येतात. अपेडा म्हणजे शेतमालाची निर्यात बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्यामार्फत भारताचे स्टॉल असतात, आपल्या भागातले लोकही जातात. बॉक्स छान मांडलेले, मागं बागेचा मोठा फोटो, ब्रोशर चकचकीत. खरेदीदार येतो, एक मणी तोंडात टाकतो, दोन प्रश्न विचारतो आणि तिथंच गाडी अडते. यस यस, गुड क्वालिटी, बेस्ट क्वालिटी. अहो पण पलीकडच्या स्टॉलवरचा साऊथ आफ्रिकेवाला काय आमची क्वालिटी खराब आहे म्हणतो का?

त्याला ऐकायचं असतं वेगळंच. १८ मिमीच्या वरचा मणी किती टक्के, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर किती, गोडी छाटणी म्हणजे फळासाठीची छाटणी कुठल्या तारखांना केली म्हणजे माल कुठल्या आठवड्यात निघेल, तोडणीनंतर किती तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं रेसिड्यू, म्हणजे मालात राहिलेले फवारणीच्या औषधांचे अंश. जर्मनीतल्या काही सुपरमार्केटवाल्यांचे नियम सरकारी एमआरएलपेक्षा, म्हणजे अंशांच्या कायदेशीर कमाल मर्यादेपेक्षा, कडक असतात, एका सॅम्पलमध्ये किती औषधांचे अंश चालतील याचा आकडासुद्धा ते ठरवून देतात. यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर आपल्या शेतकऱ्याला झोपेतनं उठवून विचारा, येतं. मराठीत तो तासभर बोलेल. पण चार अनोळखी माणसं समोर उभी राहिली आणि इंग्रजीत सलग पाच मिनिटं बोलायची वेळ आली की घसा कोरडा, आणि मग पुढं कुणाला करतो तर पुण्यात कॉलेजला असलेल्या भाच्याला, ज्यानं बागेत कात्री कधी हातात धरलेली नसते. भाच्याचं इंग्रजी छानच असतं हो, पण खरेदीदारानं छाटणीचं विचारलं की तो मामाकडं बघतो.

आता यात एक गंमत आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. समोरचा खरेदीदार तरी कुठं इंग्रज असतो? आपला बराचसा माल रॉटरडॅमला उतरतो, घेणारा डच नाहीतर जर्मन, म्हणजे इंग्रजी त्याचीही आईची भाषा नाही, त्यानंही शाळेतच शिकलेली. त्याला आपलं छोट्या वाक्यांचं, सावकाश बोललेलं इंग्रजी उलट बरं पडतं. व्याकरण चुकलं म्हणून कंटेनर परत गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. आकडा चुकीचा ऐकू गेला तर मात्र घोटाळा होतो, थर्टीन आणि थर्टीचा गोंधळ तर ठरलेला, म्हणून बोलता बोलता आकडे बोर्डवर लिहावेत, एवढं साधं कुणी शिकवत नाही.

बोलणारा आपला नसला की काय होतं ते २०१० ला बघितलंय की. क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते वेलीची वाढ रोखायचं औषध, त्याचे अंश सापडले म्हणून युरोपात कंटेनर अडकले, शेतकरी आणि एक्सपोर्टर दोघांचंही कंबरडं मोडलं. त्याच्या आधीच, २००६ पासून, अपेडाची ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षावर नजर ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था चालू होती, प्लॉटची नोंदणी, लॅबचे सॅम्पल, सगळी सिस्टीम कागदावर होती. तरी तिथल्या खरेदीदारापुढं बसून आम्ही काय वापरलं, का वापरलं, पुढच्या वर्षी काय बदलणार हे सांगणारे आपले शेतकरी कितीसे होते? माल सुटला असता असं मी म्हणत नाही, नियम तो नियम. पण पुढच्या सीझनला तोच गिऱ्हाईक टिकवायला तोंड ओळखीचं लागतं, इमेलनं ते काम होत नाही.

कुणी म्हणेल शेतकऱ्याला कुठं परक्या भाषेत भाषणं करायला लावता. त्यांनी पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघावं. बाई १८८३ ला विलायतेला गेल्या, इंग्रजी तिथं पक्कं केलं, आणि १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून अमेरिकेत गेल्या त्या तिथंच राहून गावोगाव भाषणं करत फिरल्या. विषय काय तर इकडच्या विधवांची अवस्था आणि त्यांच्यासाठी काढायची शाळा. ऐकणाऱ्यांना हिंदुस्थान कुठं आहे हे सुद्धा धड माहीत नसणार. पण बाई नुसतं भाषण करून पुढच्या गावाला गेल्या असं नाही झालं, जागोजागी वर्गणी देणाऱ्यांची मंडळं उभी राहिली, १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन झाली आणि तिनं दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू. धंदा नव्हता तो, मान्य, पण ज्याला आज आपण फंडिंग आणि फॉलोअप म्हणतो ते दुसरं काय असतं? आपले लोक स्टॉलवर बोलून झालं की हात मिळवतात, फोटो काढतात, व्हिजिटिंग कार्ड खिशात टाकतात आणि ते कार्ड पँटबरोबर धुतलं जातं. सॅम्पल कधी पाठवू, कुठल्या आठवड्याचा एक कंटेनर ट्रायलला घेणार, हे तिथल्या तिथं विचारायला लाज कसली?

बरं शिकायचं म्हटलं तर सोय काय आहे? तालुक्याच्या गावी फाडफाड इंग्रजीचे क्लास आहेत, भिंती रंगवलेल्या. त्यात शिकवतात काय तर माय नेम इज, माय हॉबी इज, म्हणजे सगळी इंटरव्ह्यूची तयारी. नोकरी मागायला ते ठीक, माल विकायला काय उपयोग. त्यापेक्षा टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची पद्धत मला आवडते. १९२४ ला कॅलिफोर्नियात सांता ॲना गावात राल्फ स्मेडली नावाच्या माणसानं हे सुरू केलं, आता पुण्या-मुंबईत पण त्यांचे क्लब आहेत. तयारी करून पाच ते सात मिनिटं बोलायचं, समोर हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवून वेळ सांगतात, एक जण नुसता तुमचे अं-आं मोजायला बसलेला, आणि ऐन वेळी दिलेल्या विषयावर दोन मिनिटं बोलायचा एक भाग असतो. हा शेवटचा भाग आपल्या कामाचा, कारण भाषण पाठ करता येतं, प्रश्न पाठ करता येत नाहीत, आणि सौदा प्रश्नोत्तरातच होतो.

सगळ्यांनाच इंग्रजीत घाला असं माझं म्हणणं नाही. जपानमध्ये राकुतेन या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचे प्रमुख मिकितानी यांनी २०१० ला जाहीर केलं की दोन वर्षांत ऑफिसचा सगळा कारभार इंग्रजीत, अगदी जपानी माणसं आपापसात बोलताना सुद्धा. होंडाच्या त्यावेळच्या प्रमुखांनी त्यावर टीका केली होती आणि मला होंडावाल्यांचंच पटतं. पॅकहाऊसमधल्या बायकांना इंग्रजी कशाला? दहा-पंधरा गावांच्या गटातनं चार-पाच माणसं तयार झाली तरी बास आहे, फक्त ती बाग कसणारी पाहिजेत. आणि त्यात बाया पण घ्याव्यात, थिनिंगचं, म्हणजे घडातले मणी विरळ करण्याचं, बारीक त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

तर आमच्या द्राक्ष बागायतदार संघाला, कृषी खात्याला आणि अपेडाला आपल्या पेपरमार्फत एवढंच सांगणं आहे की स्टॉलच्या भाड्यावर आणि ब्रोशरवर जो खर्च होतो त्यातला थोडा बोलण्याच्या सरावावर करा. फ्रूट लॉजिस्टिका ऐन तोडणीच्या गडबडीत येते, तेव्हा काही होणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, गोडी छाटणीच्या आधी, आठवड्यातनं एक संध्याकाळ ठेवा. बोलणाऱ्यानं पाच मिनिटं फक्त स्वतःच्या प्लॉटवर बोलायचं, सरकारी योजनेवर नाही, आणि मग समोरून प्रश्न. प्रश्न विचारायला मात्र गावातले नकोत, ते टाळ्याच वाजवतात. प्रत्यक्ष युरोपशी व्यवहार केलेली, भाव पाडून मागणारी, मधेच तोडून बोलणारी माणसं आणा, व्हिडिओ कॉलवर तिकडचा एखादा जुना खरेदीदार मिळाला तर फारच उत्तम. हॉल सोसायटीचा आहे, चहाचं आम्ही बघतो, पहिल्या संध्याकाळची तारीख संघानं कळवावी.

आपला,
एक द्राक्ष उत्पादक,
ता. दिंडोरी, जि. नाशिक