बियरचा नळ खोलायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

ग्लासात फेसच फेस आला की केगवर, म्हणजे बियरच्या पिंपावर खापर फोडायचं, नाहीतर गॅसचा रेग्युलेटर पिळत बसायचं, ही काउंटरमागची जुनी खोड. ती तुम्ही मोडलीत. आधी नळ खोला, मग गॅसला हात लावा, असं तुम्ही बजावलंत. त्याबद्दल आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण हे शिकवणारं माणूस प्रत्येक काउंटरला भेटतंच असं नाही.

पहिले आभार पान्याचे. केगला बियरची नळी जोडणारा कपलर सोडवायचा, त्या नळीतला, म्हणजे लाईनमधला दाब नळातून काढून टाकायचा, मग पान्याची खुंटी नळाला मागच्या नळीशी जोडणाऱ्या कपलिंग नटाच्या भोकात बसवून समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. सवयीनं सगळे उलटं फिरवतात, नट आणखी आवळला जातो, पाना घसरतो आणि नळावर कायमचा ओरखडा. हा नट नळाच्या आट्यांवर मागून चढतो, म्हणून समोरून दिशा उलटी दिसते. कारण कळलं की दिशा पाठ करावी लागत नाही.

पुढचं काम दोन मिनिटांचं. हँडल काढा, त्याखालची टोपी सोडा, लिव्हर त्याच्या वॉशरसकट वर उचला, मग दांडी मागून बाहेर येते. दांडीच्या मागच्या टोकाला बोटाच्या पेरापेक्षा लहान असं एक रबरी सीट असतं. बियर अडवून धरतं ते एवढंच. ते उजेडात धरून त्यावरून नख फिरवायचं, हे तुम्ही दाखवलंत. नख कुठे अडकलं, गोल चरा उमटलेला दिसला किंवा कड कुरतडल्यासारखी लागली, की सीट बदलायचं. घासून, पुसून उलटं लावण्यात अर्थ नाही.

नळ गळतोय कुठून, यावरून कुठला वॉशर गेला ते सांगता येतं, ही तर खरी किल्ली. तोंडातून ठिबकत असेल तर दांडीचं सीट झिजलंय किंवा त्याखाली काहीतरी अडकलंय. लिव्हरच्या बुडाशी ओल येत असेल तर वरचा वॉशर गेलाय किंवा टोपी सैल आहे. नळ आणि भिंतीकडची नळी जिथे जुळतात तिथे गळत असेल तर कपलिंगचा वॉशर दुमडलाय, किंवा मागच्या वेळी जोडताना टाकायचाच राहिलाय. (दुसरं कारण जास्त वेळा निघतं, कबूल.)

साधा नळ मागच्या बाजूला बंद होतो. म्हणजे ओतून झाल्यावर त्याचा पुढचा भाग आतून ओला राहतो आणि तोंडातून, हवेच्या बारीक भोकांतून त्याला हवा लागत राहते. बियर वाळते, साखरेचा चिकट थर बसतो, सकाळी लिव्हर हलत नाही. मग कुणीतरी जोर लावतं. व्हिनेगरसारखा आंबूस वास आणि बारीक माश्या यांचंही मूळ तिथेच. पुढे बंद होणाऱ्या नळात ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, तोंडाजवळ असते, आत बियर भरलेली राहते, त्यामुळे ती वाळत नाही. पण म्हणून तो धुवायला नको, असं नाही.

धुण्याचं वेळापत्रक तुमचंच पाळतो. दर 14 दिवसांनी लाईन कॉस्टिकने, म्हणजे तीव्र अल्कलीने, नळ सुटा करून. द्रावण किमान 2 टक्के, पाणी 27 ते 52 अंश सेल्सिअस, पंपाने 15 मिनिटं फिरवायचं. पंप नसेल तर 20 मिनिटं भरून ठेवायचं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. कार्बन डायऑक्साइडने हे द्रावण ढकलायचं नाही, कारण त्या गॅसने कॉस्टिकचा जोर मारला जातो. शेवटी साध्या पाण्याच्या पीएचइतका पीएच येईपर्यंत धुवायचं. दर तीन महिन्यांनी आम्लाची धुलाई, कारण बियरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढुरका थर, नुसत्या कॉस्टिकला दाद देत नाही.

सुटे भाग मऊ ब्रशनेच घासायचे, हवेची भोकंसुद्धा. तारेचा चोथा लावला की आत ओरखडे पडतात आणि तिथेच बुडबुडे सुटून फेस वाढतो. ओ-रिंगला खाद्य दर्जाचं वंगण नखाएवढंच. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं आणि वंगण बियरला लागलं की वरचा फेस टिकत नाही. नळाच्या आत क्रोम उडून पिवळं पितळ दिसू लागलं, तर धातूची चव येण्याआधीच तो बदलून स्टेनलेस स्टीलचा लावावा. इथे काटकसर परवडत नाही.

जोडताना दांडीची खाच वर ठेवायची, लिव्हरचा गोळा त्यात बसला पाहिजे. टोपी फार आवळली तर लिव्हर जड होतो, सैल ठेवली तर आपोआप पुढे कलतो. स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बियरच्या नळातली पाच बारीक भोकांची चकती वेगळी काढून प्रत्येक भोकातून पाणी सरळ जातंय का ते बघतो. एखादं बुजलं की धार वाकडी होते.

नळ अर्धवट उघडून फेस "आवरायचा" प्रयत्न आता कुणी करत नाही. लिव्हर पूर्ण ओढायचा, धार सेकंदाला साधारण 60 मिली. नळाचं तोंड बियरमध्ये बुडवायची सवय मात्र दोघांची अजून गेलेली नाही. पुढच्या खेपेला त्यांना तुम्हीच झापा. आणि डबीत ठेवून गेलेल्या सीटांपैकी दोनच उरली आहेत, येताना दहा घेऊन या.

आपली,
काउंटरमागची मंडळी