आजींच्या डब्यातली गोळी

मा. संपादक,
स. न.

परवा २६ जूनला आमच्या रामबागेतून शाळकरी मुलांची नशामुक्तीची फेरी गेली. पुढे ढोल, मागे दोन बाई, मधे फलक धरलेली सातवी-आठवीची मुलं. प्रत्येक फलकावर कवटी नाहीतर सिरिंज. गोळ्यांची स्ट्रिप एकाही फलकावर नव्हती. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ती फेरी पाहताना मला आमच्याच गल्लीतला एक मुलगा आठवला, म्हणून हे पत्र.

मी इंदुरात ३४ वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं. आता काउंटर मुलगा सांभाळतो. कोविडच्या आदल्या वर्षी, श्रावणात, हा मुलगा दुकानात आला. एकोणीस वर्षांचा. लहानपणी वडिलांचं बोट धरून चॉकलेटला यायचा, तेव्हापासून ओळखतो. भंवरकुव्याला कोचिंगला जात होता. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवून म्हणाला, “काका, आजीच्या अल्प्राच्या दोन स्ट्रिप द्या.” फोटोतली तारीख आठ महिने जुनी होती आणि त्याचा हात थरथरत होता.

अल्प्रा म्हणजे अल्प्राझोलाम, झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं सवय लागू शकणाऱ्या औषधांसाठी कडक नियम असलेल्या सरकारच्या एच-वन यादीत येतात. वेष्टनावर लाल चौकट असते. डॉक्टरांची चिठ्ठी पाहायची, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा २०१४ पासूनचा नियम आहे. मी गोळ्या दिल्या नाहीत. त्या रात्री समाधानाने जेवलो.

त्याच्या वडिलांना मात्र एका शब्दाने बोललो नाही. ते रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन दुकानावरून जायचे, आमचा नमस्कार व्हायचा. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला काढायचं, पोराचं नाव उगाच खराब व्हायचं, असं मनाशी म्हणत राहिलो. गोळ्या त्याला पुढच्या चौकात मिळाल्या.

पुढे सगळं त्याच्याच तोंडून कळलं. पहिली गोळी त्याला कुणा नशेचा माल विकणाऱ्याने दिली नव्हती. देवघराशेजारी आजींचा औषधांचा जुना चहाचा डबा होता, त्यातून त्याने ती घेतली होती. परीक्षा जवळ आलेली, झोप येईना, आजी गोळी घेतल्यावर शांत झोपते हे तो रोज पाहत होता. मग आठवड्यातून एक, मग रोज एक. स्ट्रिप लवकर संपायची तेव्हा आजींना वाटायचं, आपणच विसरून दोन घेतल्या. त्या बिचाऱ्या स्वतःला दोष देत राहिल्या. एम्सच्या ज्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये निघाला, तिच्यात डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या घेणारे सुमारे १.१८ कोटी लोक नोंदले आहेत. इतक्यांपैकी किती जणांची सुरुवात घरातल्याच डब्यातून झाली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लॉकडाउनमध्ये गोळ्या मिळेनात, तेव्हा मित्राने ब्राउन शुगरची, म्हणजे हलक्या हेरॉइनची, पुडी आणून दिली. २०२१ मध्ये घरी कळलं, तेव्हा पुडी आणि गोळ्या दोन्ही चालू होतं. वडिलांनी त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं. चार दिवस तळमळेल, मग सुटेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलाला झटके आले, दातखीळ बसली.

इथे मला औषधविक्रेता म्हणून जरा थांबून सांगायचं आहे. ब्राउन शुगरची पावडर एकदम बंद केली की नाक-डोळे गळतात, जांभया येतात, हाडं ठणकतात, जुलाब होतात. फार हाल होतात, पण हे दिवस बहुतेक जण काढतात. झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. महिनोन्‌महिने रोज घेतलेली अल्प्रा एका दिवसात तोडली तर फिट येऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवावी लागते. आईबापांनी सापडलेल्या गोळ्या रागाने संडासात ओतण्याआधी डॉक्टरला फोन करावा. हे मला ठाऊक होतं, आणि माझं दुकान त्या माडीपासून चाळीस पावलांवर होतं.

मग वडिलांनी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरवलं. १९८६ पासून चाललेली ती संस्था मराठी घरांना सांगावी लागत नाही, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण पुणं निवडण्याचं त्यांचं कारण वेगळं होतं: इंदुरात कुणाला कळायला नको. जाणं झालंच नाही. शहराबाहेरच्या एका केंद्रात त्याला ठेवलं, तिथे महिनाभर घरच्यांना भेटू दिलं नाही, फोनही दिला नाही. परत आला तो मार खाऊन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला भेटीचा आणि फोनचा हक्क दिला आहे. जे केंद्र पैसे घेताना हा हक्क काढून घेतं, तिथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करा.

शेवटी तो बरा झाला तो आपल्या बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात. तिथे जायला घरचे दोन महिने तयार नव्हते, निव्वळ नावाला घाबरून. दुसरी भीती पोलिसांची. त्यांना अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ ठाऊक नव्हतं. त्या कलमाप्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर सेवनाबद्दल किंवा थोड्या प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. हे आमच्या वॉर्डातल्या एका तरी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

सात महिन्यांनी तो पुन्हा घसरला. गल्लीत लगेच सुरू झालं, “बघा, सुटत नाहीच.” मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली तर त्याला कुणी असं म्हणत नाही. ह्या वेळी वडील रात्री साडेअकराला माझ्याकडे आले, दारातच रडले. मी पहिली गोष्ट ही सांगितली की त्याला एकटं झोपू देऊ नका. काही महिने सुटलेल्या माणसाचं शरीर सवय विसरलेलं असतं. जुन्या मापाने पुडी घेतली, त्यात गोळीही घेतली, की श्वास झोपेतच थांबतो. सकाळी आम्ही तिघं ऑटोने बाणगंगेला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी औषध बदललं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

याला आता तीन वर्षं होतील. मुलगा एका हिशेबनिसाकडे नोकरीला आहे, वेळेवर जातो-येतो. आजी गेल्या, त्यांचा डबा त्याने स्वतः माझ्याकडे आणून दिला. आणि तरी गेल्या वर्षी आमच्या गणपती मंडळाच्या बैठकीत त्याने वर्गणीचं पावतीपुस्तक मागितलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “त्याला मांडवाचं काम द्या, पैशाचं नको.” तो हसला आणि बांबू उचलायला गेला. मी त्या बैठकीत होतो. पुन्हा गप्प बसलो.

या वर्षीची बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे. पावतीपुस्तक त्याच्या नावाने द्यावं असं मी मांडणार आहे. इतर मंडळांनाही माझी विनंती आहे, की असा परत आलेला मुलगा तुमच्याकडे असेल तर त्याला माणसांत मिसळायचं काम द्या. रिकाम्या संध्याकाळी त्याला फार जड जातात, हे तो स्वतः मला सांगतो.

व्यसनमुक्तीसाठी सरकारी फोन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. घरात वृद्धांच्या झोपेच्या गोळ्या असतील तर त्या कुलपात ठेवा आणि दर रविवारी मोजा. मुलाच्या खिशात, दप्तरात एखादी स्ट्रिप सापडली आणि काय आहे ते कळत नसेल, तर रामबागेत माझ्याकडे घेऊन या. मी दुपारी चार ते सहा दुकानात मागच्या बाकावर बसलेला असतो. नाव विचारणार नाही.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता
रामबाग, इंदूर